अंडरटेकरचं पॅकेज : काय घ्यावं, काय सोडावं

मुंबई-वसई पट्ट्यातल्या अंडरटेकरांच्या सेवेबद्दल एका दमात सांगायचं तर माणसं उत्तम, गाडी चांगली, लाकूड ठीक, सल्ला मात्र तपासून घ्यावा असा. हे परीक्षण कुठल्या एका दुकानाचं नाही. कॅथलिक घरात मयत झालं की चर्चच्या रस्त्यावरचं दुकान ‘सगळं आम्ही बघतो’ म्हणतं. त्या ‘सगळं’मध्ये नेमकं काय येतं आणि त्यातलं काय पैसे मोजून घेण्यासारखं आहे, ते इथे पाहू.

पॅकेजमध्ये साधारणपणे हे असतं : हॉस्पिटलच्या शवागारातून मयत आणणं, आंघोळ घालून कपडे चढवणं, घरी ठेवायला काचेच्या झाकणाची थंड पेटी, कॉफिन, शववाहिका, फुलांचा क्रूस आणि पालिकेच्या कागदांची धावपळ. काही जण वर्तमानपत्रातली जाहिरात, मिस्सेची (चर्चमधल्या मुख्य उपासनेची) पुस्तिका आणि ब्रास बँडही जोडून देतात. चर्चची वेळ, धर्मगुरू आणि कबर या तीन गोष्टी मात्र कुठल्याच पॅकेजमध्ये नसतात, आणि लोक नेमक्या त्याच गृहीत धरतात. त्या पॅरिश ऑफिसच्या, म्हणजे चर्चच्या कार्यालयाच्या, हातात आहेत, दुकानदाराने ‘उद्या चारला’ असं कितीही ठामपणे सांगितलं तरी. वेळ सगळ्यांना कळवून झाल्यावर समजतं की चारला त्याच चर्चमध्ये लग्न आहे. मग तेच सगळे फोन पुन्हा. म्हणून पहिला फोन पॅरिश ऑफिसला, दुसरा अंडरटेकरला. हा क्रम उलटा झाला की पुढचा अर्धा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

ऑफिसला सांगताना मृताचं पूर्ण नाव, वय, आईवडिलांची आणि जोडीदाराची नावं, मृत्यूची तारीख-वेळ, आजाऱ्यांचा तैलाभ्यंग (धर्मगुरू आजाऱ्याला तेल लावून करतात तो संस्कार) झाला होता का, आणि घराण्याची कबर आहे का, हे हाताशी ठेवा. दफनानंतर हीच माहिती चर्चच्या मृत्युनोंदवहीत जाते. दफन स्वतःच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) होणं हा सर्वसाधारण नियम. दुसऱ्या चर्चमध्ये करायचं असेल तर तिथल्या प्रमुख धर्मगुरूंची संमती लागते आणि आपल्या धर्मगुरूंना कळवावं लागतं. मुलाकडे मीरा रोडला राहायला आलेल्या, पण नाव अजून जुन्या धर्मग्रामात असलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत हा प्रश्न हमखास येतो. चर्चचा प्रश्न सुटला तरी तिथल्या सेमेटरीत जागा मिळेलच असं नाही. ते वेगळं विचारा.

वारही बघावा लागतो. पुण्य गुरुवार ते पुण्य शनिवार (ईस्टरआधीचे तीन दिवस), तसंच आगमनकाळ (नाताळआधीचे आठवडे), उपवासकाळ (ईस्टरआधीचे) आणि पुनरुत्थानकाळातल्या (ईस्टरपासूनच्या) रविवारी मयताची मिस्सा होत नाही, आणि नाताळच्या दिवशीही नाही. त्या दिवशी वाचनं, प्रार्थना आणि दफन होतं. मिस्सा नंतरच्या दिवशी ठेवतात. दफन अडत नाही, हे घरच्यांना नीट समजावून सांगणारा अंडरटेकर विरळा. बहुतेक जण नुसतं ‘मिस्सा मिळणार नाही’ म्हणतात आणि घरात रडारड वाढते.

आता कॉफिन. दुकानात शिरल्यावर डोळ्यांत भरतं ते चकाकतं, पितळी रंगाच्या कड्यांचं, आत सॅटिनची झालर असलेलं. ते घेऊ नका. कारण सरळ आहे. मुंबईतल्या बहुतेक चर्चच्या सेमेटरीत कबर कायमची मिळत नाही. काही वर्षांसाठी मिळते, मग अवशेष काढून तीच जागा दुसऱ्याला दिली जाते. तोवर सगळं मातीत मिसळलेलं असावं, अशी अपेक्षा असते. जाड व्हार्निश, सनमायका, पत्र्याचं अस्तर, फोमची गादी आणि सॅटिन नावाचं पॉलिस्टर यांतलं काही कुजत नाही, उलट पाणी धरून ठेवतं. चिकणमातीत आणि पावसात अशा पेटीतलं मयत वर्षानुवर्षं तसंच राहतं. मग कबर उघडायची वेळ येते आणि खणणारा फावडं थांबवून पुन्हा माती लोटतो. वसईतल्या काही धर्मग्रामांत पेटीशिवाय, सुती कापडात गुंडाळून दफन करायला सुरुवात झाली ती याचसाठी. तुमच्या चर्चमध्ये ती सोय असेल तर लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही. प्रभू येशूलाही तागाच्या कापडातच ठेवलं होतं.

पेटी घ्यायचीच तर साध्या जंगली लाकडाची किंवा आंब्याच्या फळ्यांची, आतून सुती कापड लावलेली, बाहेरून पातळ पॉलिशची घ्या. प्लायवूड चालतं, पण तळ बघून घ्या. तळाला आडव्या पट्ट्या हव्यात आणि तळ बाजूच्या फळ्यांना स्क्रूने बसवलेला हवा, नुसत्या खिळ्यांनी नव्हे. पेटीखाली हात घालून मधोमध वर दाबून पाहा, कुरकुर आली तर दुसरी मागा. कडी ही शोभेची असते. दोन छोट्या स्क्रूंवर बसवलेली ती प्लॅस्टिकची मूठ सत्तर किलोंचा माणूस आणि पेटीचं वजन मिळून शंभराच्या वरचा भार पेलत नाही. उचलताना तळहात पेटीच्या खाली हवा, ही गोष्ट खांदा द्यायला पुढे आलेल्या भाच्या-पुतण्यांना आधीच सांगून ठेवा.

माप हा दुसरा घोळ. दुकानात ‘सहा फुटी’ म्हणतात ते बाहेरचं माप. फळ्यांची जाडी आणि आतली गादी धरली की आत दोन-तीन इंच कमीच. त्यात आडव्या माणसाचे पाय ताणलेले असतात, चवडे पुढे झुकतात, म्हणजे उभ्या उंचीपेक्षा लांबी थोडी वाढते. पाच फूट आठ इंचांचा माणूस सहा फुटी पेटीत जेमतेम बसतो. रुंदी खांद्यांवर मोजू नका. हात छातीवर जोडले की सर्वात रुंद भाग कोपरांचा होतो, तिथे मोजा. शेवटच्या दिवसांत अंगावर सूज किंवा पोटात पाणी असेल तर खोलीही सांगा, नाहीतर झाकण बसत नाही. आणि परदेशी पद्धतीची चौकोनी, दोन भागांत उघडणारी पेटी ठरवत असाल तर आधी खणणाऱ्याला माप द्या. त्याचा खड्डा खांद्याशी रुंद आणि पायाशी निमुळत्या पेटीच्या अंदाजाने खणलेला असतो. चौकोनी पेटी पायाकडे अडते, आणि फादर तीर्थ हातात घेऊन उभे असताना कुदळ मागवावी लागते.

कपड्यांबाबत दुकानदार सहसा गप्प बसतो, कारण त्याच्याकडे विकायला सूट असतो. सुती साडी, सुती सदरा-पँट, सुती झगा, एवढंच. पॉलिस्टर नाही, बूट नाहीत, नायलॉनचे मोजे नाहीत, हातात प्लॅस्टिकची रोजरी नाही. लाकडी मण्यांची, दोऱ्यात ओवलेली रोजरी ठेवा. काही चर्चच्या ऑफिसात हे नियम छापील मिळतात. विचारून घ्या. कपडे चढवायलाही वेळेचं गणित आहे. अंग ताठ व्हायला दोन ते चार तासांत सुरुवात होते, बाराएक तासांत ते पूर्ण ताठतं, आणि त्यानंतर दिवसभराने हळूहळू सैल पडू लागतं. घरी मृत्यू झाला असेल तर डोळे मिटणं, हनुवटीला कापडाची पट्टी बांधणं, हात जुळवणं हे पहिल्या तासातच करा. शवागारातून थंडगार, ताठ झालेलं मयत आलं तर दुकानाची मुलं ब्लाउज किंवा सदरा मागून उभा कापतात, पुढून चढवतात आणि कडा पाठीखाली खोचतात. बघायला वाईट वाटतं, पण हात मोडून बाही चढवण्यापेक्षा ते बरं. म्हणून लग्नातली जपून ठेवलेली साडी नेसवायची असेल तर आधी मनाची तयारी करा. या कामात अंडरटेकरकडची मुलं खरोखर वाकबगार असतात आणि पॅकेजमधला हा भाग पैसे वसूल करणारा आहे. दागिने मात्र कपडे चढवण्याआधी काढा, आणि कोणाच्या हातात काय दिलं ते एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या.

थंड पेटी भाड्याने घेताना तीन प्रश्न विचारा. किती अँपिअरचा प्लग लागतो? दिवाणखान्यात बहुधा लहान पॉइंटच असतो आणि मोठा फ्रिजच्या मागे. बरोबर जाड वायरचं एक्स्टेंशन येणार का? आणि वीज गेली तर काय? पेटी मयत ठेवण्याच्या तासभर आधी चालू करावी लागते. ती थंड ठेवते, गोठवत नाही. एक रात्र निभावते, कशीबशी दुसरीही. त्यापुढे हॉस्पिटलचं शवागारच हवं. काचेवर आतून दव धरतं. दर पाच मिनिटांनी कोणी झाकण उघडून चुंबन घेतलं की बाहेरची दमट हवा आत जाते, दव वाढतं आणि थंडावा उतरतो. झाकणाजवळ एका समंजस माणसाला बसवा. खालच्या ट्रेमध्ये पाणी साठतं, ते रात्री एकदा रिकामं करायचं हे पेटी आणून देणारा सांगत नाही.

इमारतीतल्या घरांसाठी एक गोष्ट. कॉफिन लिफ्टमध्ये मावत नाही. उभं करून नेण्याचा विचारही करू नका. जुन्या इमारतीच्या जिन्यात वळणावर ते अडतं, आणि मयतासह तिरपं केलं की आतलं शरीर एका टोकाला घसरतं. कॉफिन खाली पार्किंगमध्ये स्टुलांवर ठेवायचं आणि मयत चादरीत किंवा कापडी स्ट्रेचरवर पट्ट्यांनी बांधून जिन्याने उतरवायचं. पाय पुढे, डोकं वर. उतरवायला चार माणसं, शिवाय वळणावर दिवा धरणारा एक. बुकिंग करताना मजला, लिफ्टचं माप आणि जिन्याची वळणं सांगितली तर दुकान दोन माणसं जास्त पाठवतं. हे न विचारणारं दुकान नवखं समजा.

मुलगा कॅनडाहून येईपर्यंत थांबायचं असतं तेव्हा एम्बामिंगचा विषय निघतो. दोन-तीन दिवसांसाठी शवागारातला दोन ते चार अंशांचा कप्पा पुरतो. रसायन भरण्याची गरज विमानाने न्यायचं असेल किंवा थांबणं फारच लांबणार असेल तरच. एम्बाम केलेलं शरीर मातीत फार सावकाश विरतं, त्यामुळे कबर लवकर उघडणाऱ्या सेमेटरीला ते आधी कळवावं. आखातातून मयत येणार असेल तर तिथलं मृत्यूचं प्रमाणपत्र, एम्बामिंगचं प्रमाणपत्र, भारतीय दूतावासाचं ना-हरकत पत्र आणि रद्द केलेला पासपोर्ट यांच्या प्रती विमान सुटण्याआधी मागवा. ती पेटी बंद, आतून पत्र्याची असते. दफनासाठी साधी पेटी वेगळी लागणार का, हे सेमेटरीला विचारा.

कागदपत्रांच्या धावपळीसाठी अंडरटेकरचा माणूस सोन्यासारखा. तरी काय चाललंय ते माहीत हवं. हॉस्पिटलमधल्या मृत्यूला मृत्यूच्या कारणाचा नमुना ४, घरच्या मृत्यूला उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून नमुना ४अ. नोंदणी २१ दिवसांच्या आत. ‘आमच्या ओळखीचे डॉक्टर सही देतात’ असं कोणी म्हणालं तर नको म्हणा. ज्याने पेशंट पाहिलाच नाही त्याने लिहिलेलं कारण उद्या विम्याच्या वेळी गळ्याशी येतं. अपघात, पडणं, भाजणं असेल तर पोलिसांची परवानगी आणि शवविच्छेदन आलंच, आणि तोपर्यंत दफनाची वेळ जाहीर करू नये. नावाचं स्पेलिंग आधार कार्डाप्रमाणे तपासा. वसईत डिसोजा, डिसोझा, डिसूझा एकाच घरात नांदतात, बँकेला मात्र ते चालत नाही.

मिस्सेच्या बाबतीत पॅकेज सर्वात कच्चं. १९९८ मध्ये वसई वेगळा धर्मप्रांत (बिशपचा इलाखा) झाला. तिथल्या गावांत मराठी मिस्सा हीच रीत. मुंबईत मात्र एकाच चर्चमध्ये इंग्रजी, कोकणी, मराठी चालतं, म्हणून भाषा पहिल्या फोनवरच सांगा. दुकानाची तयार पुस्तिका बहुधा इंग्रजी, वर्षभर एकच. पुनरुत्थानकाळात पहिलं वाचन जुन्या करारातलं नसतं, उपवासकाळात आलेलुया म्हणत नाहीत. पुस्तिकेला याचा पत्ता नसतो. दोन वाचनं आणि स्तोत्र घरच्यांनीच निवडावं. स्तोत्र २३ आणि योहान १४ सगळ्यांना माहीत असतात. ज्ञानग्रंथाच्या (कॅथलिक बायबलमधल्या एका पुस्तकाच्या) तिसऱ्या अध्यायातला उतारा निवडलात तर वाचणाऱ्याला पान फोटो काढून द्या. बाजारात सहज मिळणाऱ्या ६६ पुस्तकांच्या मराठी बायबलमध्ये तो ग्रंथच नाही, आणि हे वेदीजवळ उभं राहिल्यावर कळतं.

कॉफिन वेदीसमोर ठेवताना प्रापंचिकाचे (धर्मगुरू नसलेल्याचे) पाय वेदीकडे, धर्मगुरूचं डोकं वेदीकडे. डोक्याशी किंवा शेजारी पास्काची (ईस्टरला पेटवलेली मोठी) मेणबत्ती. भाषणांबद्दल नियम स्पष्ट आहे : प्रवचनाच्या जागी गुणगान नाही. घरच्यांनी दोन शब्द बोलायचे ते कम्युनियननंतरच्या प्रार्थनेनंतर, अंतिम निरोपाआधी, तेही फादरांनी हो म्हटलं तर. एक माणूस, तीन मिनिटं, एक पान. पाच भावंडांनी पाच भाषणं केली की सेमेटरीत काळोख पडतो आणि खणणारे घड्याळ दाखवतात.

फुलं, बँड, रीथ (फुलांची चक्रं) यांवर फार बोलण्यासारखं नाही. प्लॅस्टिकच्या कागदातली रीथ सेमेटरीबाहेरच ढीग होऊन पडते, त्यापेक्षा मोकळी फुलं आणा. बँड हवा असेल तर चर्चच्या दारापर्यंतच.

सेमेटरीत मात्र डोळे उघडे ठेवा. घराण्याची कबर असेल तर तिच्यातलं शेवटचं दफन कधी झालं ते आधी पाहा. पुरेसा काळ गेला नसेल तर ती उघडू देत नाहीत. वरचा ग्रॅनाइट किंवा संगमरवर काढणं अंडरटेकरचं काम नसतं, त्याला गवंडी लागतो, तोही आदल्या संध्याकाळी. सकाळी घाईत पहारीने उचकटलेला संगमरवर मधोमध तडकतो आणि भरपाई कोण देणार यावर तिथेच वाद. पावसाळ्यात खड्डा सकाळी खणला तर दुपारपर्यंत गुडघाभर पाणी. पंप आहे का, वर ताडपत्री बांधणार का, कडेला फळ्या टाकणार का, हे खणणाऱ्यांना विचारा. ओल्या कडेवर उभा राहणारा नातेवाईक घसरणं ही नेहमीची गोष्ट. पेटी सोडायला दोन दोर, चार माणसं. जड असेल तर तिसरा दोर मधे. एकाच लयीत सोडायचा, डोक्याची बाजू किंचित वर ठेवून. मूठ-मूठ माती टाकण्याआधी दोर ओढून घेतलेत ना, एवढं पाहा.

दहन निवडणारी घरंही आता आहेत. चर्चने ही मोकळीक १९६३ मध्ये दिली. मिस्सा देहासमोर, मग दहन, हा पसंतीचा क्रम. विद्युतदाहिनीत पेटीतून काढूनच ठेवतात, म्हणून तिथे भारी कॉफिन म्हणजे निव्वळ तोटा. जाण्या-येण्यापुरती पेटी भाड्याने मागा. पेसमेकर असेल तर तो आधी काढणं बंधनकारक समजा, भट्टीत त्याचा स्फोट होतो. अस्थी नदीत किंवा समुद्रात विखुरण्याला चर्चची संमती नाही, हे व्हॅटिकनच्या २०१६ च्या सूचनेत स्पष्ट आहे. त्या पवित्र जागेत, सेमेटरीतल्या कप्प्यात ठेवायच्या. घाटावरचा माणूस ‘विसर्जन करून देतो’ म्हणतो, त्याला नम्रपणे नाही म्हणा.

दर लेखी घ्या, बाबवार. ‘पॅकेज’ शब्दाखाली थंड पेटीचे जादा तास, दुसरी फेरी, रात्रीचा आकार आणि ‘चर्चचे चार्जेस’ लपलेले असतात. चर्चची पावती चर्चच देतं, दुकानाच्या बिलात तो आकडा येता कामा नये. खणणाऱ्यांची मजुरी कोण देणार हे दफनाच्या आधी ठरवा. परवडत नसेल तर बोलायला लाजू नका. बऱ्याच धर्मग्रामांत सेंट विन्सेंट डी पॉल सोसायटी या सेवाभावी संस्थेची माणसं कॉफिनचा खर्च गुपचूप उचलतात.

दफनाच्या संध्याकाळी खणणाऱ्याकडून कबरीचा नंबर, रांग आणि तारीख लिहून घ्या आणि पॅरिश ऑफिसच्या पावतीशी ताडून पाहा. लाकडी क्रूसावरचा रंग पहिल्याच पावसात धुऊन जातो, नंबर पत्र्यावर ठोकून घ्या. कबर किती वर्षांची, उघडण्याची सूचना फोनवर देतात की नुसती फळ्यावर लावतात, आणि अस्थी ठेवायच्या भिंतीतल्या कप्प्यासाठी अर्ज आता करायचा की तेव्हा, हे त्याच वेळी विचारा. सूचना लागल्यावर ठरलेल्या दिवशी कोणी आलं नाही तर अस्थी सामायिक विहिरीत (सगळ्यांची हाडं एकत्र टाकतात त्या खड्ड्यात) जातात. मांडीचं हाड दीडेक फुटाचं असतं, त्या हिशेबाने सुती पिशवी शिवून घरी ठेवा.